पुरुमेंतात कुबड्याही

मे संपत आला की आमच्याकडे गोव्यात घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची धांदल असते. उकडे तांदूळ, सोलं, सुक्या मिरच्या, सुकी मासळी, चुलीला नारळाची सोडणं. घर शाकारून झालं की मग पाऊस केव्हाही येवो. माझ्या घरी या सगळ्याच्या जोडीला आणखी एक पिशवी भरली जाते, पुरात घर सोडावं लागलं तर बरोबर न्यायची. मला लहानपणी दोन्ही पायांना पोलिओ झाला, तेव्हापासून पायांना आधाराचे कॅलिपर आणि कुबड्या. घर सत्तरी तालुक्यात, म्हादई नदीपासून फार लांब नाही. ही पिशवी कशी भरतो ते लिहितो. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी आपापल्या गरजेनुसार कमीजास्त करावं.

२३ जुलै २०२१ ला म्हादईचं पाणी आमच्या अंगणात आलं. वाड्यावरच्या चौघांनी मला हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून उंचावरच्या शाळेत नेलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण कुबड्या दाराआड राहिल्या आणि कॅलिपर खाटेखाली. मला बाकावर ठेवून ते पुढच्या घराकडे धावले. संडास व्हरांड्याच्या टोकाला, दोन पायऱ्या उतरून. जावं लागू नये म्हणून मी दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही. कोणी चहा आणला तर "नुकताच झाला" म्हणून सांगत राहिलो.

म्हणून यादीत सगळ्यात वर साधनं येतात, औषधं त्यांच्यानंतर. पावसाळाभर माझ्या कुबड्या रात्री खाटेच्या दांडीला दोरीने अडकवलेल्या असतात, झोपल्या जागेवरून हाताला लागतील अशा. जमिनीवर ठेवल्या आणि लाकडी असल्या तर पाण्याबरोबर त्याच आधी निघून जातात. दोन्हींवर रंगाने नाव आणि फोन नंबर लिहिलाय. खालची रबरी बुचं जूनच्या आधी बदलायची आणि एक जोडी पिशवीत टाकायची. शेवाळलेल्या चिऱ्यावर झिजलेलं बूच किती घसरतं हे ज्याची हनुवटी फुटली आहे त्याला विचारा, म्हणजे मलाच. कॅलिपरच्या चामडी पट्ट्यांना बुरशी येते. त्यांना तेल लावायचं, एकदोन जास्तीचे स्क्रू आणि छोटा पाना जवळ ठेवायचा. आणि झाकणाची लघवीची बाटली! लाज वाटते म्हणून ती कुणाच्या यादीत नसते. माझ्या यादीत आता ठळक अक्षरात आहे.

व्हीलचेअर असेल तर हवा भरायचा पंप हवा. बॅटरीवाली खुर्ची माणसासकट चार जणांना पेलत नाही, म्हणून घडीची साधी खुर्ची कोणाकडून मिळू शकेल ते आधीच बोलून ठेवावं. उचलणाऱ्यांना सांगायचं, ब्रेक लावा आणि सांगाड्याला धरा. हातांना किंवा पाय ठेवायच्या पट्ट्यांना धरलं तर ते निघून हातात येतात. मणक्याला इजा झालेल्या माणसाची उशी कधीच मागे ठेवू नये. पायाला संवेदना नसली की टणक बाकावर बसून जखम होते आणि ती कळतही नाही.

उचलायची सवय हा वेगळाच विषय. आमच्या वाड्यावर तिघांची नावं ठरलेली आहेत. एक दुबईला गेला म्हणून यंदा चौथा शोधला, शेजारच्या वहिनींचा मुलगा. त्याला परवा घरी बोलावून मला खरोखर उचलायला लावलं. पहिल्यांदा त्याने काखेत हात घालून ओढलं, तेव्हा मी ओरडलोच. मग दोघांनी एकमेकांची मनगटं धरून बैठक केली, तशी जमली. वहिनी हसत होत्या, "काका, लग्नात तरी असं मिरवला नसाल!"

लाईटचा भाग थोडक्यात. मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाडं तारांवर पडली आणि कित्येक गावांत दिवसचे दिवस अंधार होता. फोनही नीट लागत नव्हते. त्यामुळे पॉवर बँक भरलेली हवी आणि नंबर कागदावर लिहिलेले हवेत. ऑक्सिजनच्या यंत्रावर कोणी असेल तर लाईट गेल्यावर सिलिंडर शोधत बसायचं नाही, तो आधीच घरात लागतो. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर सावलीत चालतं, मुदत त्याच्या कागदावर बघावी. बर्फाला मात्र चिकटवू नये, गोठलं की फुकट. फिटच्या गोळ्या एक दिवसही चुकू नयेत, म्हणून आठवडाभराच्या जास्तीच्या.

ऐकू न येणाऱ्यासाठी सायरन आणि दवंडी दोन्ही व्यर्थ. त्याच्या खिडकीवर टॉर्च मारायला कोणी तरी नेमावं आणि मोबाईल उशीखाली थरथरत्या सेटिंगवर ठेवावा. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांचा स्टिकर काढला की वापरा न वापरा, त्या उतरायला लागतात. म्हणून आधीच सोलून ठेवू नयेत. न दिसणाऱ्याला हाताला धरून ओढायचं नाही, आपलं कोपर द्यायचं. गर्दी आणि आवाज सहन न होणारं मूल असेल तर त्याची रोजची चादर, खाऊ आणि कानावर लावायचं काही तरी.

कागद म्हणजे यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र), आधार, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं पासबुक, डॉक्टरांची चिठ्ठी. सगळ्याच्या झेरॉक्स चेनच्या प्लास्टिक पिशवीत, फोटो मोबाईलमध्ये. आणि एक चिठ्ठी आपल्याच अक्षरात, "मला असं उचला, असं उचलू नका, हे औषध चालत नाही." बेशुद्ध पडलो तर ती बोलेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या आठव्या कलमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना आपल्याला द्यायची असते. आपलं नाव तिथे आहे का हे पंचायतीतल्या पंचाला विचारा, लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. बाकी ११२ आणि १०८ हे दोन नंबर भिंतीवर लिहा, खाटेवरून दिसतील एवढे मोठे.

२ ऑक्टोबर २००९ ला दक्षिण गोव्यात काणकोणात पाणी अगदी थोड्या तासांत चढलं, चतुर्थी होऊन गेली होती, पावसाळा संपला असं सगळे धरून चालले होते. म्हणून पिशवी मी दिवाळीपर्यंत सोडत नाही.

यंदा बुचं आणली, चिठ्ठी नवी लिहिली. कॅलिपरच्या डाव्या पट्ट्याला तेल लावायचं राहिलंय.