उन्हाळ्याची तयारी बर्फातच

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मला एक ठरावीक फोन येतो. "ताई, शाळा सुटतायत, मुलीला चित्रकलेला कुठे घालू?" टोरांटोत नवीन आलेलं कुणीतरी असतं, आवाजात घाई असते, आणि मला तेच सांगावं लागतं की बाई गं, उशीर झाला. म्हणून आता एकदाच लिहून ठेवते.

आपल्या डोक्यात उन्हाळी सुट्टी म्हणजे एप्रिल-मे. परीक्षा संपली की शेजारच्या काकूंकडे हस्तकलेचा क्लास, आदल्या दिवशी सांगितलं तरी चालायचं. इथे शाळा जूनअखेर बंद होते आणि लेबर डे उलटल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर उघडते. नऊ-दहा आठवडे. मामाचं गाव नाही, आजीचा व्हिसा वेळेत आला तर आला. दोघांची नोकरी असेल तर हे आठवडे कसे भरायचे हे बाहेर बर्फ असतानाच ठरवावं लागतं, कारण महापालिकेच्या उन्हाळी कॅम्पची नोंदणी तेव्हाच उघडते.

महापालिकेच्या कम्युनिटी सेंटरमध्ये चित्रकला, मातीकाम, नाच, नाटक असं बरंच काही असतं आणि खासगी क्लासच्या मानाने ते स्वस्त पडतं. नोंदणी सकाळी सातला सुरू होते. शहराचे भाग पाडलेले आहेत, कुठल्या भागाची कधी ते आधी बघा. पहिल्या वर्षी मी सातला चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसले आणि तिथे कळलं की आधी खातं उघडायला हवं. पत्ता भरा, मुलांची नावं भरा, जन्मतारखा भरा. आत शिरेपर्यंत सात वीस झाले होते आणि मातीकामापुढे "पूर्ण भरले" लिहून आलं होतं. दुसऱ्या वर्षी खातं आठवडाभर आधी तपासलं, हव्या त्या क्लासचे कोड कालनिर्णयच्या पाठकोऱ्या जागेत पसंतीच्या क्रमाने लिहिले, आणि नवरा एका लॅपटॉपवर, मी दुसऱ्यावर. सात वाजून चार मिनिटांनी दोन्ही मुलांचं झालं.

जागा नाही मिळाली तर वेटिंग लिस्टवर नाव टाकाच. बरेच लोक दोन-दोन ठिकाणी नाव घालून नंतर एक सोडतात, त्यामुळे ती यादी हलते. मिसिसागा, ब्रॅम्प्टन या शेजारच्या शहरांची सगळी व्यवस्था वेगळी आहे. टोरांटोचं खातं तिथे चालत नाही, आणि गावातल्या रहिवाशांना आधी संधी मिळते.

पैशाची ओढाताण असेल तर टोरांटोत वेलकम पॉलिसी नावाची सवलत आहे. कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबाला महापालिकेच्या क्लाससाठी मदत मिळते. अर्ज नोंदणीच्या बराच आधी करायचा. शिवाय काही सेंटरमध्ये क्लास सगळ्यांनाच फुकट असतात. आपली माणसं इथे हमखास अडतात. "आम्ही काय असं मागायला आलोय का?" अहो, पहिल्या वर्षी एकाच पगारात, तळघरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहताना कसला आलाय संकोच! फॉर्म भरा.

डब्याबद्दल एकच सांगते, पण मनावर घ्या. बऱ्याच कॅम्पमध्ये शेंगदाणा चालत नाही. माझ्या मुलाला मी मोठ्या प्रेमाने साबुदाण्याची खिचडी दिली होती. दाण्याचं कूट हा पदार्थ कुणाच्या गावीही नव्हता, पण त्यानेच बाईंना उत्साहाने समजावून सांगितलं की हे पांढरं म्हणजे साबुदाणा आणि हे खरखरीत म्हणजे पीनट. डबा उचलला, हात धुवायला लावले, टेबल पुसलं, आणि मला फोन. कुणी रागावलं नाही. इथे रागावत नाहीत, हसून सांगतात, पण नियम तसूभर हलत नाही. घ्यायला यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी तसंच, हसून पैसे लावतात. कुटाची भाजी, चटणी, लाडू, सगळं शनिवार-रविवारी घरी.

आता आमच्या खिशाला जी चाट बसली ती. आम्ही २०१६ च्या ऑक्टोबरात आलो. पुढच्या उन्हाळ्यात एका पिकनिकला बऱ्याच वर्षांपूर्वी आलेल्या एका काकांनी छातीठोकपणे सांगितलं, "नाच-चित्रकलेच्या पावत्या जपून ठेवा, टॅक्समध्ये सूट मिळते." मिळायची. मुलांच्या कला-क्लाससाठी एक केंद्रीय करसवलत २०११ पासून होती, २०१६ ला निम्मी केली आणि २०१७ पासून ती नाहीच. काका आपल्या काळात राहिले होते. सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना सापडेना, तेव्हा त्यांनीच फोनवर सांगितलं, "मग बालसंगोपनाच्या खर्चात टाका, सगळे तसंच करतात." दोन वर्षं मी दोन मुलांच्या कथ्थक आणि चित्रकलेच्या फिया त्यात टाकल्या. २०१९ मध्ये कर खात्याचं पत्र आलं, पावत्या पाठवा. पाठवल्या. तो सगळा खर्च वगळून नव्याने हिशेब झाला आणि कर अधिक व्याज मिळून अकराशेच्या वर डॉलर भरावे लागले. त्या महिन्यात आम्ही गाडी घेणार होतो.

तर नीट समजून घ्या. तुम्ही कामावर असताना मूल सांभाळलं जावं म्हणून भरलेले डे कॅम्पचे पैसे बालसंगोपनाच्या खर्चात धरता येतात, मग कॅम्प चित्रकलेचा का असेना. शनिवारी सकाळी तासभराचा नाचाचा क्लास हा छंद, तो धरता येत नाही. सात वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ८,००० डॉलरपर्यंत आणि सात ते सोळा वयाच्या मुलामागे ५,००० पर्यंत मर्यादा आहे. मुक्कामी कॅम्पला आठवड्याची वेगळी, बरीच कमी मर्यादा लागते. वजावट साधारणपणे नवरा-बायकोतल्या कमी उत्पन्नवाल्याने घ्यायची, फॉर्म टी७७८. पावतीवर मुलाचं नाव आणि तारखा असू द्या. घरगुती कॅम्प चालवणारी व्यक्ती असेल तर तिचा सिन नंबर, म्हणजे सरकारी सामाजिक विमा क्रमांकही लागतो. तो देताना आपल्यातल्याच काही ताई कुरकुरतात, तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा. आणि पिकनिकमधल्या कुणाचंही ऐकून टॅक्स भरू नका, माझंही नाही. कर खात्याच्या साइटवर हे सगळं साध्या इंग्रजीत लिहिलेलं आहे.

आपल्याकडचा अजून एक रोग म्हणजे सगळ्या मुली भरतनाट्यमला आणि सगळे मुलगे तबल्याला. शिकवा की, माझीही मुलगी कथ्थक करते. पण पहिल्याच उन्हाळ्यात मुलाची इथल्या मुलांशी ओळख व्हायला हवी असेल तर सेंटरमधला मातीकामाचा क्लास बरा. मातीत हात असले की इंग्रजीचा उच्चार कुणी बघत नाही.

कार्यक्रमांचं म्हणाल तर पैसे खर्च करायची फारशी गरज नाही. आल्या आल्या लायब्ररीचं कार्ड काढा. शहरात शंभर शाखा आहेत आणि त्या कार्डावर संग्रहालयांचे कौटुंबिक पासही मिळतात. पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, होऊन पाच वर्षं झाली नसतील तर कनू नावाचं ॲप घ्या, देशभरातल्या कितीतरी संग्रहालयांत आणि राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश फुकट होतो. मला हे कळलं तेव्हा माझी मुदत संपत आली होती. आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओत पंचविशीपर्यंतच्यांना तिकीट नाही. हार्बरफ्रंटला उन्हाळ्यात बऱ्याच शनिवार-रविवारी तळ्याकाठी कुठल्या ना कुठल्या देशाचा फुकट उत्सव असतो. जुलैत सिटी हॉलसमोरच्या चौकात चित्रकारांचं उघड्यावरचं प्रदर्शन भरतं, १९६१ पासूनचं. तिथे चित्रकार स्वतः तंबूत बसलेले असतात आणि मुलांच्या प्रश्नांना खरोखर उत्तरं देतात. माझ्या लेकीने एकीला विचारलं होतं, "चुकलं तर काय करता?" त्या बाईंनी चित्र उलटं करून मागचं खोडलेलं दुसरं चित्र दाखवलं.

२१ जूनच्या सुमारास मूळनिवासींचे पॉव-वॉव, म्हणजे नाच-गाण्यांचे मेळावे होतात, जरूर जा. नाचणाऱ्यांच्या पोशाखाला हात लावायचा नाही, सुरुवातीच्या प्रवेशाला उभं राहायचं, आणि सूत्रधार फोटो नको म्हणाला की फोन खिशात. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारच्या आसपास कॅरिबियन कार्निव्हल असतो, १९६७ पासून. मोठ्या मिरवणुकीत लहानांना उन्हात हाल होतात, जुलैतली मुलांची मिरवणूक गाठा. कॅनडा डेची आतषबाजी घराजवळच्या बागेतून बघा, डाउनटाउनला जाऊ नका.

हाय पार्कच्या उतारावर उघड्या रंगमंचावर १९८३ पासून उन्हाळ्यात नाटक होतं. संध्याकाळी सुरू होतं तेव्हा लख्ख उजेड असतो, त्यामुळे माणूस फसतो. अंधार पडला की गारठा आणि डास. चटई, शाल, डासांचं मलम.

आणि मंडळाच्या गणपतीच्या नाचाच्या तालमी जुलैअखेर रविवारी दुपारी दोनला सुरू होतात. दोन म्हणजे पावणेतीन. तेवढ्यात पोरांना बाहेर खेळवून घ्या.