राजगड ते रायगड, मुक्या जिवांसाठी: निघण्यापूर्वीची तयारी

राजगडावरून तोरणा आणि तोरण्यावरून सह्याद्री उतरून रायगड ही चाल तीन ते चार दिवसांत पुरी होते. पण ती जखमी, बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी निधी जमवण्याकरिता करायची असेल, तर तयारीला तीन महिने हाताशी ठेवावेत आणि त्यातला पहिला महिना पाठपिशवीला हात न लावता संस्थेची निवड आणि पैशाचा व्यवहार यांतच घालवावा.

ज्या निवाऱ्यासाठी चालायचे, तिथे कार्यक्रमाच्या नव्हे तर कामाच्या दिवशी जावे आणि एक तरी मलमपट्टी शेवटपर्यंत पाहावी. किडे पडलेल्या जखमेतून चिमट्याने एकेक अळी काढावी लागते, पोकळ झालेला भाग धुऊन त्यात औषध भरावे लागते, आणि वेदनेने चावू पाहणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधून त्याला मायेने धरून ठेवायला दुसरा माणूस लागतो. हे सारे दुसऱ्या दिवशी पुन्हा, जखम भरेपर्यंत रोज करायचे असते. हे डोळ्यांनी पाहिले की मदतीचे आवाहन लिहिताना शब्द शोधावे लागत नाहीत. तिथल्या पशुवैद्यांकडून सलाईन, क्ष-किरण तपासणी, नसबंदीची शस्त्रक्रिया, खाद्य, गाडीचे डिझेल आणि सेवकांचे पगार यांचा प्रत्यक्ष खर्च विचारून घ्यावा व आवाहनात तोच मांडावा, कारण आपला पैसा कशावर खर्च होणार हे कळले की देणारा मोकळ्या मनाने देतो.

देणगी थेट संस्थेच्या बँक खात्यात जावी आणि पावती संस्थेनेच द्यावी, याबाबत तडजोड करू नये. संस्थेऐवजी एखादा गट स्वतःच्या नावाने वर्गणी गोळा करणार असेल, तर गणेशोत्सव मंडळे घेतात तशी सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खालील परवानगी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून आधी घ्यावी लागते. प्राप्तिकरातील ज्या सवलतीला आपण ८०जी म्हणतो, तिच्यासाठी संस्थेची नोंदणी चालू आहे का ते तपासावे. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर ती नाहीच, हे देणाऱ्यांना आधीच सांगावे. परदेशातल्या नातलगांकडे मदत मागताना विशेष जपावे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही, पण अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या काकांची मात्र ठरते, आणि ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे विदेशी अंशदानाची वेगळी नोंदणी असावी लागते. प्रवास, जेवण, मुक्काम आणि वाटाड्याचे मानधन हा चालीचा सगळा खर्च चालणाऱ्यांनी आपल्या खिशातून करावा. प्राण्यांच्या नावाने आलेल्या रुपयातून आपला चहाही होता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

काळ नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचा धरावा. त्याआधी वाटा गवतात बुडालेल्या असतात आणि नंतर पाण्याचे हाल होतात. राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत जाणाऱ्या डोंगरधारेवर भरवशाचे पाणी नाही, म्हणून प्रत्येकाने तीन ते चार लिटर पाणी स्वतः वाहावे. पुढे मोहरी गावाकडून कोकणात उतरताना बोराट्याची नाळ, म्हणजे घळीतून उतरणारी वाट, सुटे धोंडे आणि कड्यालगतचा आडवा टप्पा यांमुळे कठीण आहे. नवखे सोबत असतील तर तिथल्याच सिंगापूर गावाची नाळ घ्यावी आणि वाटाड्या गावातलाच असावा. गडांवरच्या मुक्कामाचे नियम बदलत असतात, तेव्हा राहण्याची सोय पायथ्याच्या घरांतच आधी बोलून ठेवावी. शरीराची तयारी म्हणून दर आठवड्याला भरलेली पिशवी घेऊन एखादा गड चढून उतरावा. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते, म्हणून उतरण्याचा सराव टाळू नये. बूट निघण्यापूर्वी पुरेसे वापरून पायाला सरावलेले असावेत. मधमाश्यांमुळे अत्तर आणि धूर दोन्ही वर्ज्य.

गुंजवण्यासारख्या पायथ्याच्या गावांतली कुत्री माणसांबरोबर गड चढतात, आणि बिस्किटे मिळत राहिली की डोंगरधार ओलांडून पुढेही येतात. मग दोन दिवसांनी ती अनोळखी गावात, तिथल्या कुत्र्यांच्या तावडीत, परतीची वाट न समजता अडकतात. प्राण्यांसाठी निघालेल्यांनी तरी वाटेत त्यांना खाऊ घालून मागे लावून घेऊ नये, सोबत आलेच तर पहिल्या वस्तीवरून माघारी नेणारा माणूस आधीच नेमून ठेवावा, आणि स्वतःची पाळलेली कुत्री या चालीला आणू नयेत. श्वानदंशाची प्रतिबंधक लस घ्यावी की नाही हे डॉक्टरांना विचारावे, आणि चावा झालाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा, हे गटातल्या प्रत्येकाला पाठ असावे. तोरणा उतरताना जखमी जनावर किंवा वासरू दिसले, तर संपर्क कोणाला करायचा यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, कारण धारेवर मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही.

रायगडावर पोहोचल्यानंतर आठवडाभरात एकूण जमा, संस्थेच्या पावत्या आणि त्यातून झालेले उपचार यांचा हिशेब प्रत्येक देणगीदाराला पाठवायचा आहे. ते काम कोण करणार त्याचे नाव निघण्यापूर्वीच ठरवून यादीत लिहावे.