‘पाच वर्षांत सगळं बदलणार’ असं कुणी सांगितलं तर काय तपासावं

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर मी नौकांची इंजिनं दुरुस्त करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा भाचा व्हिडिओ दाखवत बसतो. “मामा, तंत्रज्ञान दर दोन वर्षांनी दुप्पट होतंय. तुमचं काम गेलंच समजा.”

अशा वेळी आधी विचारायचं, दुप्पट होतंय ते नक्की काय? हे ‘दुप्पट’ मूळचं गॉर्डन मूर यांचं, पुढे इंटेल ही चिप कंपनी काढणाऱ्यांपैकी एक. १९६५ मध्ये ते बोलले ते फक्त चिपवर मावणाऱ्या घटकांबद्दल. तेव्हा दरवर्षी दुप्पट म्हणाले, १९७५ मध्ये स्वतःच दोन वर्षांवर आले. अंदाज पुढे कित्येक वर्षं टिकला, हे कबूल. पण प्रोसेसरचा क्लॉक स्पीड, म्हणजे त्याच्या कामाचा ठोका सेकंदाला किती वेळा पडतो तो आकडा, २००५च्या सुमारास तीन-चार गिगाहर्ट्झला अडखळला, कारण चिप तापायला लागली. एक आकडा पळतो म्हणून बाकीचे पळत नाहीत.

मग सगळ्यात हळू काय चालतं ते शोधा. नौकेवरच बघा ना. केबिनमध्ये जीपीएस आला, पाण्याखालचे मासे दाखवणारा फिशफाइंडर आला, दोन्ही स्वस्त झाले. खाली इंजिनापाशी उतरलात की तेच डिझेल, तेच चोंदलेले नोझल, खाऱ्या पाण्याने गंजून पान्याला दाद न देणारे बोल्ट. आणि वेग? जड नौकेचा वेग दुप्पट करायचा तर ताकद ढोबळमानाने आठपट लागते. तेवढं डिझेल नौका चालवणाऱ्या कुठल्या तांडेलाला परवडणार? फिशफाइंडर कितीही सुधारला तरी हे गणित हलत नाही.

जुनी भाकितंही काढून बघावीत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पहिल्या संशोधकांपैकी एक हर्बर्ट सायमन १९६५ मध्ये म्हणाले होते, वीस वर्षांत यंत्रं माणसाचं कुठलंही काम करतील. १९८५ येऊन गेलं. आवाजाच्या दुप्पट वेगाचं काँकॉर्ड विमान १९७६ पासून प्रवासी नेत होतं, २००३ मध्ये बंद झालं. २००० मधल्या अपघातानंतर प्रवासी घटले होते, आणि खर्चही झेपेना. (सांगणाऱ्याला काय विकायचंय, तेही बघा. फार वेळ लागत नाही.)

शेवटी भाकीत वहीत उतरवा: काय, कधीपर्यंत, आणि खरं ठरलं हे कशावरून कळणार. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पान उलटायचं. भाच्याचं एक मी लिहून घेतलंय: २०३० पर्यंत नुसता आवाज ऐकून फोन इंजिनाचा बिघाड सांगेल. परीक्षा अशी ठरली: मिरकरवाड्याच्याच नौका, इंजिन चालू, दहा बिघाडांपैकी आठ बरोबर.