जुनं ग्राफिक्स कार्ड, नवा मदरबोर्ड आणि काळी स्क्रीन

भावाचा जुना कॉम्प्युटर मोडीत काढला, पण त्यातलं 2010 सालचं ग्राफिक्स कार्ड ठणठणीत होतं. टाकून द्यायला मन होईना, म्हणून नव्या मदरबोर्डवर लावलं. पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळीच. बोर्डावरचा ‘व्हीजीए’ दिवा, म्हणजे ग्राफिक्सची अडचण दाखवणारा, पेटून राहिलेला.

कार्डाचे सोनेरी दात खोडरबरने घासले, कार्डाला वीज देणारी 6 पिनची वायर काढून पुन्हा बसवली. काही फरक नाही. स्लॉटचा प्रश्न नव्हता. पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या 2.0 आवृत्तीचं कार्ड 4.0 च्या स्लॉटमध्ये चालतं.

खरी अडचण कार्डातल्या फर्मवेअरची, म्हणजे त्याच्या चिपमध्येच भरलेल्या प्रोग्रामची. नवे बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरवर सुरू होतात आणि चित्र दाखवायला त्यांना कार्डात ‘जीओपी’ हा छोटा ड्रायव्हर लागतो. 2012 च्या आधीच्या बहुतेक कार्डांत तो नसतोच. मग बोर्डात ‘सीएसएम’, म्हणजे जुन्या पद्धतीची साधनं चालवणारी सोय, चालू करावं लागतं. पण काही दिसतच नाही, तर सेटिंग बदलणार कशी? शेजारच्या दादाने त्याचं नवं कार्ड तासभर दिलं, म्हणून निभावलं. त्यावर बोर्डाचा सेटअप उघडून आधी सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सुरक्षा) बंद केलं, मग सीएसएम चालू. व्हिडिओसाठी लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, निवडलं, स्टोरेजला मात्र यूईएफआयच ठेवलं, नाहीतर जीपीटी या नव्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवरचं विंडोज सुरूच झालं नसतं. सेव्ह केलं, प्लग काढला, कार्ड बदललं. बटण दाबताच बोर्डाचा लोगो झळकला आणि जीव भांड्यात पडला!

काही नव्या बोर्डांत सीएसएम उरलेलंच नाही, तेव्हा घेण्याआधी मॅन्युअल नक्की बघा. बोर्डावरचा सेल उतरला की ही सेटिंग पुसली जाते; मी तो लगेच नवा टाकला.