दावा डिफॉल्टमध्ये डिसमिस झालाय? आधी रोजनामा बघा

तारखेला गेलो नाही, वकीलही नव्हते आणि कोर्टाने दावा काढून टाकला, असं झालं तर घाबरू नका पण बसूनही राहू नका. पहिलं काम म्हणजे ईकोर्ट्स अ‍ॅपवर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून ऑर्डर बघा आणि रोजनाम्याची, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं त्या नोंदीची, नक्कल काढा, कारण सगळा खेळ त्या दिवशी समोरचा हजर होता की नाही यावर आहे.

दोघंही गैरहजर असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ९ नियम ३ लागतो, मग नियम ४ खाली दावा परत बोर्डावर घ्या, म्हणजे पुन्हा सुनावणीला घ्या, असा अर्ज करता येतो किंवा दावा लावायची कायदेशीर मुदत शिल्लक असेल तर नवीन दावाही टाकता येतो. पण प्रतिवादी हजर आणि तुम्ही गायब, तर नियम ८, आणि इथेच लोक फसतात, कारण दाव्याच्या त्याच कारणावर नवा दावा चालत नाही, नियम ९ चा अर्जच करावा लागतो.

या अर्जांची मुदत ३० दिवस, तीही डिसमिस झाल्या तारखेपासून, तुम्हाला कळलं तेव्हापासून नाही. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा.

अर्जात कारण नीट लिहा. आजारी होतो म्हणालात तर डॉक्टरचे कागद लावा, प्रतिज्ञापत्र द्या, नुसतं 'अपरिहार्य कारणाने' लिहून भागत नाही. समोरच्याला नोटीस जाते, कोर्ट खर्चही भरायला लावू शकतं, तो भरा गुपचूप. नियम ९ चा अर्ज फेटाळला तर आदेश ४३ खाली अपील आहे.