मोठ्या जातीचं पिल्लू आवरत नाही? आधी या चुका टाळा

"आमचा लॅब बिघडलाय हो, कुणाचंच ऐकत नाही." असा फोन येतो तेव्हा तो लॅब्रेडॉर कुत्रा हमखास 8-10 महिन्यांचा असतो. तो बिघडलेला नसतो, वयात आलेला असतो. अंगानं 25-30 किलोचा गडी आणि डोकं मात्र पिल्लाचंच. हा धिंगाणा दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत कमीजास्त चालणारच. आपण त्यात भर घालायची नाही, एवढं तरी करा.

पहिली चूक, दारातली. बेल वाजते, कुत्रा पाहुण्याच्या छातीवर, आणि सगळं घर एकदम ओरडायला लागतं. कुणी पट्टा ओढतंय, कुणी गुडघा मारतंय. कुत्र्याच्या लेखी ही जत्राच! त्याला लक्ष हवं होतं, ते मिळालं. माझ्याकडे दाराजवळच्या खुंटीवर पट्टा कायम असतो. बेल वाजली की आधी पट्टा, मग कडी. पट्ट्यावर पाय ठेवायचा. उभं राहता येईल इतकी ढील, उडी मारता येणार नाही इतकी कमी. चारही पाय जमिनीवर असले तरच हात लावायचा, नाहीतर पाहुण्यानं सरळ पाठ फिरवायची. सुरुवातीला तो जास्तच उड्या मारतो, आणि नेमकं तेव्हाच लोक कंटाळून सोडून देतात. म्हणजे जोर लावला की काम होतं, हे आपणच त्याला शिकवतो. घरात एखादे आजोबा असतातच, "असू दे रे, मला चालतं" म्हणणारे. आधी त्यांना समजवा.

दुसरी चूक, "दमवा, म्हणजे गप्प पडेल." हे ऐकलं की माझं डोकं उठतं. एका सोसायटीतला पोरगा आपल्या शेफर्डला, वर्षाचाही नव्हता तो, स्कूटरला बांधून पळवायचा. तेही एप्रिलमध्ये, ऑफिसातून लवकर सुटला की चारच्या उन्हात. मी गेलो तेव्हा कुत्रा जिन्यात बसून पंजे चाटत होता. पंज्यांखालच्या गाद्यांची साल निघाली होती, खालचं लाल मांस दिसत होतं. मालकाची तक्रार काय, तर "एवढं पळवूनही रात्री सोफा फाडतो." फाडणारच! रोज पळवून त्याचा दम वाढला आणि झोप पुरेना. पेंगुळलेलं पोर जसं किरकिर करतं, तसंच हे. शिवाय मोठ्या जातींची हाडं 12 ते 18 महिन्यांपर्यंत वाढत असतात. लॅब, शेफर्ड, रॉटवायलर यांना खुब्याचा त्रास तसाही लवकर होतो, त्यात डांबरावरची ही धाव.

फिरवा, पण पट्टा सैल सोडून, हवं तिथे हुंगू द्या. वीस मिनिटांच्या हुंगण्यानं तो जेवढा निवतो, तेवढा पळून नाही. उन्हाळ्यात आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही नाही. जेवण वाडग्यात न देता जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या, शोधू दे. आणि दुपारी झोपू द्या. झोपलेल्या कुत्र्याला रील काढायला उठवणाऱ्यांना मी काही सांगत नाही.

बाकीच्या थोडक्यात. चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, आणू नका. ओढत असेल तर छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगात घालायचा पट्टा) घ्या. उताणं पाडून "बॉस कोण" दाखवू नका. गुरगुरला म्हणून मारू नका. पुढच्या वेळी न गुरगुरता चावेल. बाबा "सिट", आई "बस", आजी "खाली बस बाळा" असं नको, एकच शब्द ठरवा. पंधरा दिवस बाहेर ठेवून "ट्रेन" करून आणायचं पॅकेज घेऊ नका; त्याला राहायचंय तुमच्या घरात, शिकायचंही तिथेच.

आणि चांगला वागणारा कुत्रा एकाएकी हात लावू देईना, तर ट्रेनर शोधू नका, डॉक्टरकडे न्या. पावसाळ्यात लॅबचे कान आतून चिघळतात. डोक्यावरून हात फिरवला की तो मान झटकतो, आणि घरचे म्हणतात माजलाय.