ठ अक्षर आलं तरी घाबरू नका: लेकीसाठी जुनं, टिकाऊ नाव कसं निवडावं

मी पाच भाचरांची आत्या आहे. म्हणजे पाच वेळा पाळण्यावर वाकून कानात कुर्र केलंय आणि पाच वेळा पाठीत धपाटे खाल्लेत. शिवाय गिरगावातल्या एका मराठी शाळेत १९८७ पासून २०१९ पर्यंत रोज सकाळी हजेरी घेतली. नावांबद्दल माझी मतं ठाम आहेत ती अशी.

गेल्या पावसाळ्यात परळला भाच्याला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन. "आत्या, नाव क्लासिक हवं. जुनं चालेल, म्हातारं नको." मागणी अगदी रास्त होती. फक्त त्यासाठी मोबाइलवरच्या याद्या चाळत बसून उपयोग नाही.

पहिलं हे समजून घ्या की नावाला तारीख चिकटलेली असते. मी लागले तेव्हा हजेरीत मनीषा, वैशाली, सुवर्णा, रूपाली. मग स्नेहल, प्रियांका, अश्विनी आल्या. एका वर्षी एकाच वर्गात पाच पूजा होत्या. मी "पूजा" म्हटलं की पाच बाकांवरून "हजर बाई". नंतर सानिका, श्रावणी, ईश्वरी. यातलं एकही नाव वाईट नाही, पण कागदावर नुसतं नाव दाखवलंत तर मी मुलीचं जन्मसाल चार-पाच वर्षांच्या फरकाने सांगेन. जे नाव ऐकून मला साल सांगता येत नाही, ते तुमच्या कामाचं. उमा, मीरा, राधा, गौरी, अदिती, मुक्ता.

हे ओळखायची माझी रीत घरात कुणाला आवडत नाही. पंधरा दिवस वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचा आणि नावं लिहून काढा. मग ओळखीतल्या एखाद्या बालवाडीची यादी मिळवा. दोन्हीकडे सापडेल ते नाव पक्कं. "बाळाच्या नावासाठी निधनवार्ता?" म्हणून वहिनीने कपाळाला हात लावला होता. पण ऐंशी वर्षं वापरून झालेलं नाव कसं दिसतं, हे दुसरीकडे कुठे छापून येतं?

दुसरं काम, घरातल्या बायकांची पाळण्यातली नावं शोधा. पाळण्यातली म्हणतेय, रेशनकार्डावरची नव्हे. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांत नवऱ्याने बोटाने नवं नाव लिहायचं आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव संपायचं. १८६५ साली कल्याणला जन्मलेली यमुना पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून सगळ्यांना माहीत झाली. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. माझी आई कागदोपत्री लक्ष्मी. मृत्यूच्या दाखल्यावरही लक्ष्मी. ती माहेरची नर्मदा होती, हे मला तिच्या धाकट्या बहिणीकडून कळलं, तेही मावशी तिला "नर्मदे" म्हणून रडली तेव्हा. तेव्हा घरात जी कोणी सर्वांत म्हातारी असेल तिच्याशेजारी चहा घेऊन बसा आणि तिच्या आईचं, आजीचं, आत्यांचं पाळण्यातलं नाव विचारा. आमच्याकडे अशी अकरा नावं निघाली. चंद्रभागा, भागीरथी, द्वारका, वेणू, सुंदरा… ठमाही निघाली.

आता खरी गोम. ही नावं जशीच्या तशी ठेवता येतातच असं नाही. सासूचं नाव लेकीला ठेवलं की सुनेची पंचाईत होते. "ए सुशीले, ताट उचल" असं म्हणायचं कसं, आणि सासू आतल्या खोलीत असताना तर कसंच? काही घरांत म्हणूनच मूल आयुष्यभर 'बेबी' राहतं. शिवाय काही नावांचा उच्चारच जड.

यावर संस्कृतने आपली फार मोठी सोय करून ठेवली आहे. एकाच नदीला, एकाच देवीला, एकाच फुलाला दहा-दहा नावं. आवाज बदलायचा, अर्थ तोच ठेवायचा. आजी गोदावरी असेल तर नात गौतमी. गोदेचंच ते दुसरं नाव. यमुना असेल तर कालिंदी. भागीरथी असेल तर जान्हवी किंवा मंदाकिनी. पार्वतीबाईंची नात उमा, गौरी, गिरिजा, शैलजा, अपर्णा यांतली कोणीही होऊ शकते. सरस्वतीबाईंची शारदा नाहीतर भारती. लक्ष्मीची रमा, पद्मा, इंदिरा. कमलताई असतील तर नलिनी, पद्मिनी. रजनी असेल तर यामिनी. उषाची अरुणा केलीत तर चालेल, फक्त ती हजेरीत पन्नास वर्षांची वाटेल एवढं लक्षात ठेवा.

नद्यांकडे माझा ओढा आहे हे कळलंच असेल. नदीचं नाव पिढीगणिक जुनाट होत नाही, कारण नदी चालूच असते. आणि ती आपल्याच गावची असावी असंही नाही. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातला, नाव तिथल्या इरावती नदीवरून. आज ते आपल्याला अस्सल मराठी वाटतं.

नर्मदेचं दुसरं नाव रेवा. मी सुचवलं तेव्हा भाच्याची बायको दोन क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, "हे तर अगदी आत्ताचं वाटतंय." आत्ताचं! पुराणातलं नाव आहे.

तरी आम्ही लगेच ठरवलं नाही. नाव आवडलं म्हणजे काम झालं असं नसतं.

अर्थ पाहिला. संकेतस्थळांवर विश्वास ठेवू नका. तिथे निम्म्या नावांचा अर्थ 'दुर्गेचं एक रूप' असतो. घरात संस्कृत-मराठी शब्दकोश असेल तर उघडा, नसेल तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात एक चक्कर मारा, त्या निमित्ताने इतर पुस्तकंही बघून होतील. अर्थ न पाहता गोडव्यावर गेलं की काय होतं सांगते. अनामिका म्हणजे करंगळीशेजारचं बोट, आणि शब्दशः नाव नसलेली. बारसं करून मुलीचं नाव 'नाव नसलेली' ठेवायचं? नर्मदा म्हणजे आनंद देणारी, रेवा म्हणजे उसळ्या घेत जाणारी. बाळ तेव्हा दुपट्यातून दोन्ही पाय बाहेर काढून लाथा झाडत होतं, त्यामुळे अर्थावर वाद झाला नाही.

मग हाक मारून पाहिली. स्वयंपाकघरातून गॅलरीत, एकदा प्रेमाने आणि एकदा चिडून. चिडून मारलेली हाक महत्त्वाची, कारण आपण नावाला लगेच ईकार लावतो. सुमनची सुमी, मंगलची मंगी, प्रमिलाची पमी. हे होणारच, म्हणून आधीच लावून बघा. मग मुंबईचा विचार करा. लोकलच्या डब्यात, कॉलेजात, ऑफिसात तिला हाक मारणारे निम्मे लोक मराठी नसतील. ज्ञानदा हिंदीवाल्यांच्या तोंडी ग्यानदा होते, ळ चा ल होतो, ऋतुजाचं इंग्रजी स्पेलिंग दर कागदावर वेगळं. ही नावं ठेवू नका असं मी म्हणत नाही, मलाच ज्ञानदा फार आवडतं. पण ती आयुष्यभर खिडकीखिडकीवर अक्षरं फोडून सांगत बसेल एवढं माहीत असू द्या. रेवालाही एक खोच निघालीच, व साठी व्ही की डब्ल्यू? मध्य प्रदेशातल्या रीवा शहराच्या नावात डब्ल्यू आहे, म्हणून आम्ही व्ही घेतला. आणि भाच्याचा मामा म्हणाला, "भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली." अशी एक कोटी प्रत्येक नावावर होतेच. एकावर थांबत असेल तर नाव घ्या.

माझ्या स्वतःच्या नावाने मला काय शिकवलं तेही ऐका. मी शाळेच्या दाखल्यावर मंगल, बँकेत मंगला. निवृत्तीच्या वेळी मंगल आणि मंगला या दोन्ही बायका मीच आहे, असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. त्यामुळे कमल-कमला, विमल-विमला अशी जुळी रूपं असलेली नावं मी कुणाला सुचवत नाही.

नावरसाचं अक्षर हा प्रत्येक घरातला भांडणाचा मुद्दा. आमच्या बाळाचं हस्त नक्षत्र. हस्ताच्या चार चरणांची अक्षरं पू, ष, ण, ठ. ण ने मराठीत शब्दच सुरू होत नाही, आणि आम्हाला आलं ठ. व्याही अक्षरावर अडून बसले. म्हटलं, मग ठमा ठेवा, आमच्या यादीत आहेच. तोडगा जुनाच आहे. नावरसाचं नाव वेगळं, व्यवहारातलं वेगळं. पत्रिकेत ठ चं काहीतरी लिहा, कानातही सांगा, आणि हाक मारायला हवं ते ठेवा. पूर्वी एकेका बाळाच्या कानात चार-चार नावं सांगत.

कागदाचं थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून इस्पितळातल्या फॉर्मवर घाईघाईत काहीतरी खरडू नका; घालणं सोपं, बदलणं कटकटीचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा आहे, तेव्हा दाखला हातात पडला की मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं तिथेच उभ्या उभ्या वाचा. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावाचा क्रम आहे बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यामुळे चारही शब्द सलग मोठ्याने म्हणून पाहा. आई स्नेहा, बाबा महेश आणि लेक नेहा असेल तर 'नेहा स्नेहा महेश' ही बडबडगीताची ओळ होते. आडनाव लांबलचक असेल तर नाव दोन अक्षरी बरं, आडनाव गोरे-काळे असेल तर वसुंधरासुद्धा खपते.

बारसं बाराव्या दिवशी घरीच झालं. घुगऱ्या वहिनीने केल्या. बाळाची खरी आत्या, म्हणजे माझी भाची, टोरांटोला, तिच्याकडे पहाट. ती फोनच्या पडद्यावर शालू नेसून बसली होती. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं, फोन पाळण्यात बाळाच्या कानाशी धरला, आणि तिकडून काही येईना. तिच्या वतीने मी वाकले. आधी नर्मदा म्हटलं, मग ठ चं नाव, मग रेवा. बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली आणि तेवढ्यात पाळण्यातून भाचीचं कुर्र ऐकू आलं.